बाबांना ‘तू’ की ‘तुम्ही’?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात त्या रविवारी चाळीसेक माणसं जमली होती. जवळजवळ सगळ्यांनी घरात कुणाचं तरी लांबलेलं आजारपण काढलेलं. काहींचं अजून चालूच होतं. गट चालवणाऱ्या समुपदेशक ताईंनी चित्रपट निवडला होता ‘अ ब्युटिफुल डे इन द नेबरहूड’, २०१९ चा, मरिएल हेलर यांनी दिग्दर्शित केलेला. मराठी सबटायटलचं काम माझ्याकडे होतं. हक्कधारकांची लेखी परवानगी ताईंनी आधीच आणली होती. घरी बघायची डिस्क गटाला दाखवायची तर ती लागतेच.

चित्रपट फ्रेड रॉजर्स यांच्यावर आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधून १९६८ ते २००१ या काळात ते लहान मुलांसाठी दूरदर्शन कार्यक्रम करत. स्वेटर चढवायचा, बूट बदलायचे आणि मुलांशी घटस्फोट, मरण, राग या विषयांवर सरळ बोलायचं. भूमिका टॉम हँक्सची. पण गोष्ट खरी चालते ती लॉइड या पत्रकाराची. आई आजारी असताना वडील घर सोडून गेले, हे त्याच्या मनातून गेलेलं नाही, आणि आता तेच वडील मरणाला टेकलेत. या गटासाठी हाच चित्रपट का, ते वेगळं सांगायला नको.

रॉजर्स सावकाश बोलतात, दोन वाक्यांत जागा सोडतात. तिथे सबटायटल करणाऱ्याला मोह होतो की वेळ आहे तर थोडं जास्त लिहावं. तसं करू नये. वाचणाऱ्याचे डोळे ओळीत अडकले की हँक्सचा चेहरा निसटतो, आणि या चित्रपटात अर्ध बोलणं चेहऱ्यावरच आहे. लॉइडचं उलट. तो भराभर, टोचून बोलतो. साठी ओलांडलेल्या प्रेक्षकांसाठी मी सेकंदाला बारा अक्षरांच्या वर जात नाही, एका वेळी दोनच ओळी ठेवते. त्यामुळे त्याची वाक्यं कापावी लागली. कापताना टोच राहिली पाहिजे, विशेषणं गेली तरी चालतात. रॉजर्सच्या ‘नेबर’ला शब्द शोधत बसावं लागलं नाही. शेजारधर्म ज्या भाषेत आहे तिथे ‘शेजारी’ पुरेसा आहे. लॉइडच्या लहानपणच्या कापडी सशाचं मात्र ‘ससोबा’ केलं. ‘म्हातारा ससा’ लिहून पाहिलं होतं, त्यात पोराची माया येत नव्हती.

सकाळी नऊला चाचणी घेतली तेव्हा पहिलं मिनिट ठीक वाटलं. विसाव्या मिनिटाला ओळी जवळपास पन्नास सेकंद आधी येऊ लागल्या. ओळखीचं दुखणं आहे हे. माझ्या वेळा सेकंदाला २५ फ्रेमच्या, म्हणजे २५ चित्रांच्या, प्रतीवर बसवलेल्या होत्या, डिस्क निघाली २३.९७६ ची. १०९ मिनिटांच्या चित्रपटात शेवटी हा फरक साडेचार मिनिटांवर जातो. व्हीएलसी या चित्रपट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘जी’ दाबलं की ओळी आधी येतात, ‘एच’ दाबलं की उशिरा, दर वेळी ५० मिलिसेकंद. पण ते सगळीकडे सारखा फरक असेल तरच कामाचं. वाढत जाणारा फरक असेल तर सगळ्या वेळांना १.०४२७ ने गुणावं लागतं. सबटायटलच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमदर बदलला की ते काम एका फटक्यात होतं. म्हणून चाचणी सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी अशी तीन ठिकाणी घ्यायची. फाइल यूटीएफ-८ या देवनागरी नीट टिकवणाऱ्या पद्धतीत जतन करायची आणि जोडाक्षरं नीट दाखवणारा फॉन्ट आपल्या लॅपटॉपवर आधीच बसवायचा. सभागृहाच्या टीव्हीत पेनड्राइव्ह लावून पाहिला होता; ‘क्ष’चे तुकडे पडले आणि वेलांट्या भलत्या अक्षरावर गेल्या.

आवाजाचंही तसंच. सहा वेगळ्या स्पीकरसाठी केलेला सहा वाटांचा ध्वनी दोन स्पीकरवर ढकलला की संवाद दबतात आणि संगीत चढतं. दोन वाटांचा ट्रॅक निवडला आणि स्पीकर टेबलाखालून काढून कानाच्या उंचीवर आणले.

सगळ्यात अवघड जागा होती उपाहारगृहातल्या शांततेची. रॉजर्स लॉइडला सांगतात, ज्यांच्या मायेनं आपण घडलो त्यांना एक मिनिट आठव. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसंही गप्प होतात आणि रॉजर्स थेट आपल्याकडे बघतात. हे नुसतं पटकथेतून आलेलं नाही. १९९७ च्या एमी या टीव्ही पुरस्कारांच्या समारंभात त्यांनी खरोखरच सभागृहाला दहा सेकंद शांत बसवलं होतं. आधीच्या एका चाचणीत मी इथे ‘शांतता’ असा शब्द पूर्ण मिनिटभर ठेवला होता. लोक तो वाचत राहिले आणि कुजबुजायला लागले. काहीच न लिहिण्याचीही सोय नव्हती, कारण गटात दोघांना कानाची यंत्रं होती. त्यांना आवाज बंद पडल्यासारखं वाटलं असतं. शेवटी सुरुवातीला दोन सेकंद ‘भोवतालचे आवाज थांबतात’ एवढंच ठेवलं आणि पुढे पडदा मोकळा सोडला. ताईंनी पाण्याचा कूलरही बंद करून ठेवला होता.

त्या मिनिटात लॅपटॉपवर बसलेल्या मुलाचा हात स्पेसबारकडे गेला. त्याला वाटलं, चित्र अडकलं. मी त्याचा हात धरला. स्टेशनकडून लोकलचा भोंगा आला आणि विरला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे मिटले होते, मिनिट संपल्यावरही त्यांनी ते लगेच उघडले नाहीत.

नंतरच्या चर्चेत पहिला प्रश्न आला तो कळव्याहून आलेल्या साठीच्या काकांचा. “हा पत्रकार खरा आहे का?” मी जसं आहे तसं सांगितलं. टॉम जुनॉड या पत्रकारानं १९९८ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात रॉजर्सवर लेख लिहिला, त्यावरून हे पात्र घेतलं. नाव बदललं, आणि वडिलांशी हाणामारी वगैरे चित्रपटासाठी रचलेलं आहे. चरित्रपट दाखवताना हे लपवू नये असं माझं ठाम मत आहे. आपलं दुःख घेऊन आलेल्या माणसाला कुठलं खरं आणि कुठलं रचलेलं हे कळायलाच हवं.

काकांनी मान डोलावली. मग म्हणाले, “ताई, शेवटी तो बापाला ‘तू’ म्हणायला लागला. ते तुम्ही केलंत ना?”

मीच केलं होतं. इंग्रजीत एकच ‘यू’. मी आधी लॉइडच्या तोंडी कोरडं ‘तुम्ही’ घातलं, कुठेही ‘बाबा’ अशी हाक नाही. वडील अंथरुणाला खिळल्यावर राग निवळतो, तिथून ‘तू’ केलं. अंतर मिटल्याची खूण म्हणून. कामातली ही जागा मला फार आवडत होती.

काका म्हणाले, “आम्ही वडिलांना शेवटपर्यंत ‘अहो’च म्हणालो. अकरा महिने त्यांचं सगळं अंथरुणात केलं, अंघोळ घातली, भरवलं. तेव्हाही ‘अहो, तोंड उघडा’ असंच. ‘तू’ आलं तिथे मी चित्रपटातून बाहेर पडलो.” शेजारच्या एका तरुण मुलीनं लगेच सांगितलं की तिच्या घरी बाबांना पहिल्यापासून ‘तू’च आहे, तिला काही खटकलं नाही. पाच-सहा जण बोलले. ज्यांच्या घरी ‘अहो’ होतं त्या सगळ्यांना ती ओळ टोचली होती.

खुर्च्या आवरून झाल्यावर मी फाइल उघडली. वडिलांच्या पलंगाजवळच्या प्रसंगातल्या चौदा ओळी. सगळीकडे ‘तुम्ही’ परत घातलं, क्रियापदं बदलली. मग पहिल्या ओळीच्या आधी, तोवर संपूर्ण चित्रपटात एकदाही न आलेला ‘बाबा’ लिहिला. ओळ पाच अक्षरांनी लांबली, म्हणून तिची वेळ अर्ध्या सेकंदानं वाढवली आणि पुढची ओळ तेवढीच उशिरा आणली. काका दारात छत्री उघडत होते. त्यांना बोलावून पडद्यावर तो तुकडा लावला. त्यांनी उभ्यानंच दोनदा पाहिला आणि म्हणाले, “आता बरोबर.”