पहिली पायरी चुका शोधण्याची

रत्नागिरीत राहून गेम बनविण्याच्या क्षेत्रात शिरावे कसे, असे महाविद्यालयातील मुले विचारतात, तेव्हा मी त्यांना पुण्यातील माझ्या इंटर्नशिपचे पहिले तीन आठवडे सांगतो. त्या काळात मी कोडची एकही ओळ लिहिली नाही; एकच लेव्हल पुन्हा पुन्हा खेळून, पात्र भिंतीतून आरपार केव्हा जाते, कोणत्या क्रमाने बटणे दाबल्यावर जाते आणि दहा प्रयत्नांत किती वेळा जाते, याची नोंद करीत होतो. चूक दिसली एवढे सांगून भागत नाही, ती दुसऱ्यालाही हमखास घडवून पाहता आली पाहिजे, हे मी तिथेच शिकलो.

अर्जासोबत मात्र लहानसा का होईना, पूर्ण झालेला गेम हवा. २००९ साली सुरू झालेल्या ग्लोबल गेम जॅम या गेम बनविण्याच्या जागतिक उपक्रमाची मूळ कल्पनाच ४८ तासांत गेम उभा करण्याची होती. गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनविण्याचे सॉफ्टवेअर, मोफत व मुक्तस्रोत असून एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटविना चालते, ही आपल्याकडच्या पावसाळ्यात मोठीच सोय आहे.

विनावेतन इंटर्नशिप मला अन्यायाची वाटते, कारण पुण्यात खोलीचे भाडे भरावे लागणाऱ्या कोकणातल्या मुलासाठी ते दार उघडे असूनही बंदच असते.