‘नाईव्ह’ला मराठीत काय म्हणावं?

औषधांच्या चाचण्यांत सहभागी होणाऱ्यांना जी माहितीपत्रकं वाचायला देतात, ती मराठीत आणणं हे माझं काम. या कागदांमध्ये ‘ट्रीटमेंट-नाईव्ह’ रुग्ण सतत भेटतात. शब्दकोश उघडावा तर ‘नाईव्ह’पुढे भोळा, भाबडा, निष्कपट, साधासुधा अशी रांग असते आणि तिच्यातला एकही शब्द इथे उपयोगाचा नसतो. ज्याने त्या आजारावरचे उपचार अजून घेतलेलेच नाहीत, तो ट्रीटमेंट-नाईव्ह. मग तो माणूस कितीही बेरकी असो. त्याच्या शरीराची आणि त्या औषधाची गाठ अजून पडलेली नाही, एवढंच डॉक्टरांना सांगायचं असतं. आणि ते त्यांना माहीत असावंच लागतं, कारण आधी औषध घेतलेल्या शरीराचा प्रतिसाद वेगळा येऊ शकतो.

या कामामुळे मला हे विशेषण आवडायला लागलं. एरवी ते टोमण्यासारखंच कानावर पडतं.

रोगप्रतिकारशास्त्रात त्याचा वापर आणखी सुंदर आहे. आपल्या टी पेशी छातीत हृदयाच्या वर असलेल्या थायमस या ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडतात. प्रत्येकीला आपापला ठरावीक परका रेणू ओळखता येतो. तो रेणू समोर येईपर्यंत ती पेशी ‘नाईव्ह’. गाठ पडली की ती झपाट्याने विभागते. तिच्या वंशातल्या बऱ्याचशा पेशी लढतात आणि मरतात, थोड्या मागे राहतात. त्या स्मृतिपेशी. मग पुढच्या वेळी तोच जंतू आला की शरीर लवकर सावध होतं. अनुभवाचा फायदा तो हाच. पण जो जंतू शरीराने कधीच पाहिलेला नाही, त्याच्यासमोर मुख्य भिस्त या अननुभवी पेशींवरच असते. वय वाढतं तसा थायमस आक्रसत जातो आणि नव्या नाईव्ह पेशींची भर कमी होते. म्हातारपणी नवा संसर्ग जड जातो किंवा नव्या लशीचा परिणाम कमी दिसतो, त्याचं हे एक कारण. म्हणजे अननुभवाचासुद्धा साठा लागतो, आणि तो घटला की शरीर अडचणीत येतं. हे मला पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं वाक्य लिहिलं नाही.

शब्दाचं मूळही याच बाजूचं आहे. लॅटिनमधल्या ‘नातिवुस’पासून, म्हणजे जन्मजात, जसा जन्मला तसा, यापासून फ्रेंच शब्द आला आणि सतराव्या शतकात तो इंग्रजीने घेतला. ‘नेटिव्ह’ त्याचं सख्खं भावंड. मुळात त्यात हिणवणं नव्हतं. 1795 साली जर्मन कवी शिलर याने कवींचे दोन प्रकार सांगितले, तेव्हा होमर आणि शेक्सपिअरला त्याने नाईव्ह म्हटलं. निसर्गाशी ज्यांची फारकत झालेली नाही, ते नाईव्ह. हरवलेल्या निसर्गाची ज्यांना ओढ लागलेली असते, ते दुसरे. स्वतःला तो या दुसऱ्यांत धरत होता.

आता रोजचा वापर. कुणी म्हणतं, अमुक प्रश्न चर्चेने सुटू शकेल, आणि समोरून येतं, ‘यू आर बीइंग नाईव्ह.’ मराठीत आपण याला विशेषण वापरतोच असं नाही. ‘तुला अजून जग कळायचंय’ म्हणतो, नाहीतर ‘आम्ही तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत.’ मला याचा मनापासून राग येतो. या वाक्यात मुद्दा कुठेच नसतो. त्या चार पावसाळ्यांत काय पाहिलं ते सांगा की! तुम्ही पाहिलेली एखादी फसलेली चर्चा सांगा, ती का फसली ते सांगा, मी ऐकेन. डॉक्टर जेव्हा ‘नाईव्ह’ म्हणतात, तेव्हा कशाच्या बाबतीत हे त्यांना सांगावंच लागतं: या औषधाच्या, या विषाणूच्या. वादात मात्र ते ‘कशाच्या बाबतीत’ गाळून टाकतात आणि अख्खा माणूस कच्चा ठरवतात. तरुण मुलींच्या वाट्याला हे फार येतं.

चित्रकार आंरी रूसो याच्या बाबतीतही असंच झालं असं मला वाटतं. तो पॅरिसमध्ये जकात वसुलीच्या नोकरीत होता, चित्रकलेचं शिक्षण त्याने घेतलेलं नव्हतं. ‘नाईव्ह आर्ट’ म्हटलं की पहिलं नाव त्याचं येतं. घनदाट जंगलांची चित्रं त्याने काढली, फ्रान्सबाहेर न जाता. वनस्पती पाहिल्या त्या पॅरिसच्या वनस्पती उद्यानात. त्याच्या चित्रांना लोक हसले, आणि 1908 साली पिकासोने त्याच्यासाठी मेजवानीही दिली. त्याला नाईव्ह म्हणताना ‘शाळेत न शिकलेला’ आणि ‘बालबुद्धीचा’ हे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात. पहिला खरा आहे. दुसरा त्या जंगलांतल्या झाडांच्या पानापानाकडे नीट पाहिलं की टिकत नाही. इतका विचार करून लावलेले हिरवे रंग बालबुद्धीला सुचत नाहीत.

संगणकवाल्यांचा नाईव्ह आणखी वेगळा. नको असलेले ईमेल वेगळे काढायची ‘नाईव्ह बेझ’ नावाची एक पद्धत आहे. मजकुरातल्या शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असं ती धरून चालते. हे खरं नसतं आणि वापरणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं. तरी निवड बऱ्यापैकी बरोबर होते. इथला भाबडेपणा जाणूनबुजून पत्करलेला.

मराठीत एकाच शब्दात हे सगळं मावणार नाही, आणि मावू नये. भोळा हा मनाने. त्याच्यात कपट नाही, म्हणून तर शंकराला भोळा म्हणतात. निरागस म्हटलं की आधी लहान मुलाचा चेहरा आठवतो. नवखा कामाला नवा, त्यात स्वभावावर शेरा नाही. अजाण म्हटलं की दोष आपोआप माफ होतो. बावळट ही सरळ शिवी. माणसाइतकाच विचारालाही लागतो तो भाबडा: भाबडी समजूत, भाबडा आशावाद. इंग्रजीतला वादातला ‘नाईव्ह’ याच्या सर्वांत जवळचा, फक्त ‘भाबडा’मध्ये थोडी माया उरते आणि तिकडे ती नसते. ‘गलिबल’ला इकडे ओढू नये. तो सहज फसतो; नाईव्ह माणूस कधीच न फसताही नाईव्ह राहू शकतो.

डॉक्टरांसाठीच्या मजकुरात मी ‘अनभिज्ञ’ वापरते. हा शब्द ‘कशाबाबत’ असं लगेच विचारायला लावतो, म्हणून तो मला योग्य वाटतो. रुग्णांच्या पत्रकात मात्र तो जड पडतो. तिथे मी सरळ लिहिते: ‘या आजारावर आजवर कोणतेही औषध न घेतलेल्या व्यक्ती.’ तपासणाऱ्यांकडून कधीकधी शेरा येतो की मूळ शब्द लहान आहे, तुमचं वाक्य लांबलं. लांबू दे. वाचणाऱ्याला आपल्याविषयी नेमकं काय म्हटलंय ते कळतं.