बेदाण्याची केस

एमबीएच्या वर्गात केस, म्हणजे चर्चेसाठी लिहिलेला धंद्यातला खरा प्रसंग, काढायची म्हटलं की डबेवाले आणि लिज्जत पापड हे ठरलेले. दोन्ही उत्तमच. पण १९५९ साली गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, पुढे त्याचं काय झालं हे पोरांना आधीच पाठ आहे. मग चर्चा कसली होणार? "त्या यशस्वी का झाल्या" एवढंच विचारता येतं, आणि त्याला जिद्द, सचोटी, टीमवर्क असली उत्तरं येतात. तास संपतो.

परिषदांसाठी आलेल्या केस तपासायचं काम अधूनमधून माझ्याकडे येतं, त्यातही हाच प्रकार. संस्थापकाचं खडतर बालपण, पहिलं मशीन, वडिलांचा विरोध, मग पुरस्कारांची यादी. शाल-श्रीफळ तेवढं द्यायचं राहिलेलं असतं. सुरुवात हटकून एकच: मालक केबिनच्या खिडकीतून बाहेर बघत विचारात गढलेत. मी पाहिलेल्या एकाही मालकाला खिडकीत उभं राहायला सवड नसते.

हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये केसवरून शिकवणं सुरू झालं तेव्हा असला थाट नव्हता. १९१९ साली डीन झालेले वॉलेस डोनहॅम मूळचे कायदा शिकलेले. वकिलीच्या वर्गात खटले चर्चेला घेतात, तसे व्यापाराचे का घेऊ नयेत, हा त्यांचा विचार. १९२१ सालची तिथली पहिली केस एका बूट कंपनीवर होती, एका पानाची. सुट्टीची वेळ व्हायच्या आधीच कामगार काम थांबवतात, यावर काय करायचं? संपली केस. मालकाच्या बालपणाचा पत्ता नाही.

आमची केस बेदाण्याची आहे. सांगली-तासगाव पट्ट्यात राहून दुसरं काय सुचणार! एक कोल्ड स्टोरेजचे मालक, त्यांना इथे दादा म्हणते. महिना ऑगस्टचा. उन्हाळ्यात रॅकवर वाळवलेला माल १५-१५ किलोच्या बॉक्समध्ये भरून थंडीत ठेवलाय, कारण बाहेर ठेवला तर रंग काळवंडतो आणि रंग गेला की दर गेला. बाजार पडलेला. शेतकऱ्याला तर द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीसाठी, औषधांसाठी पैसा आत्ताच हवा. तो स्टोरेजच्या पावतीवर उचल मागतो. दिली, तर माल जागेवर राहतो, भाडं चालू राहतं. पण दर आणखी घसरला तर मालाची किंमत उचलीच्याही खाली जाणार. नाही दिली, तर तो मिळेल त्या दराने सौद्यात माल काढणार आणि पुढच्या हंगामाला शेजारच्या स्टोरेजला गाडी लावणार. बाजार समितीमार्फत पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, तिचं व्याज कमी आहे. तरी माणूस ओळखीच्या दाराशीच येतो. का येतो, हा केसमधला एक चांगला प्रश्न.

दादांच्या धाकट्या भावाचं म्हणणं उचल बंद करा. दादांचं म्हणणं, धंदा माणसांवर चालतो. दोघांच्याही बाजूने आकडे मांडता येतात, म्हणून मला ही केस वाटली. एका बाजूचा मुद्दा पहिल्या दहा मिनिटांत पडत असेल तर कंपनी कितीही मोठी असो, मी त्यावर वेळ घालवत नाही.

आकड्यांची गंमत वेगळीच. बहुतेक परिषदांना घटना खऱ्या लागतात, मनची पात्रं आणि मनचे प्रसंग चालत नाहीत. नावं मात्र बदलता येतात आणि कंपनीचं लेखी संमतीपत्र लागतं. दादा म्हणाले, "मॅडम, नाव बदला, पण कर्जाचा आकडा बघून आख्खं तासगाव वळखंल की." मग प्रत्येक आकड्याला एकाच संख्येने गुणायचं, म्हणजे गुणोत्तरं तीच राहतात. इथे अडचण अशी की बेदाण्याचा दर सगळ्यांना माहीत असतो, तो गुणला तर केस खोटी दिसते. म्हणून दर तसाच ठेवला. बॉक्सची संख्या, उचल आणि बँकेचं कर्ज तेवढं गुणलं. सौद्यात बॉक्स उघडून माल दाखवताना जो खाली सांडतो, ती उधळण. तिचं प्रमाण हलवलं नाही. वर्गात पहिलं बोट त्याच्यावरच पडतं, घरी बाग असलेली पोरं ते सोडत नाहीत.

परिषदेत जिथे गोलमेज पद्धत असते तिथे पीपीटी नसते. चार-पाच केसचे लेखक एकत्र बसतात, सगळ्यांनी सगळ्यांच्या केस आधी वाचून आलेलं असतं, आणि जिची केस चालू आहे तिने शक्यतो गप्प बसून लिहून घ्यायचं. मराठी प्राध्यापकाला हे जड जातं, माझ्यासकट. बेदाणा कधी पेटीत पाहिलेला नाही अशा एकांनी विचारलं, "हा माणूस पैसे देतो तो सावकार म्हणून, की गिऱ्हाईक टिकवायचा खर्च म्हणून?" टेबलावर पाच मिनिटं नुसता गोंधळ. उचलीचं व्याज उत्पन्नात धरायचं की भाड्यातली सूट मानायचं, इथपासून सगळी टीचिंग नोट, म्हणजे केस वर्गात कशी शिकवायची याचं टिपण, त्या प्रश्नावर नव्याने बांधली. आता फळ्याचे दोनच भाग केलेत: डावीकडे दादा कर्ज देणारे, उजवीकडे दादा जागा देणारे. तिसरा भाग मुलांकडून यायला हवा.

टीचिंग नोट हे खरं अवघड काम. केस लिहायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त तिला लागतो, आणि पदोन्नतीच्या फॉर्मात तिच्यासाठी रकाना नसतो. असो.

संमतीपत्रावर सही करण्याआधी दादांनी सगळं मराठीतून वाचून घेतलं. शेवटचं पान उलटून पाहिलं. "आन् म्या पुढं काय केलं ते कुठं लिवलंय?" म्हटलं, ते फक्त शिकवणाऱ्याच्या प्रतीत जाणार, पोरांना नाही. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण सही केली.

पुढची केस सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर लिहायची आहे. जमिनीतल्या पेवात हळद वर्षानुवर्षं टिकायची, आणि २००५ च्या पुराचं पाणी त्यात शिरलं. पेव पुन्हा दुरुस्त करायचं की गोदामाकडे वळायचं, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या घरात वादाचा झाला असेल आणि त्या वेळच्या वह्या अजून जपलेल्या असतील, तर मला कळवा. नाव बदलू.