कर्नाक पाडला त्या रविवारी

सीएसएमटी म्हटलं की लोक घुमटाकडे बघतात. फोटो घ्यायला समोरच्या फुटपाथवर रोज गर्दी असते. आम्ही ओएचईवाले, म्हणजे गाडीच्या डोक्यावरची वायर सांभाळणारे. आमचं सीएसएमटी प्लॅटफॉर्म संपतात तिथून पुढे सुरू होतं, यार्डात.

नोव्हेंबर 2022 मधला तो 27 तासांचा मेगाब्लॉक आठवत असेलच, शनिवारी 19 तारखेला रात्री अकराला लागला. मस्जिदच्या अलीकडचा कर्नाक पूल पाडायचा होता. अवजड गाड्यांना त्याच्यावर 2014 पासूनच बंदी होती. आमच्या कागदावर पूल 1868चा, म्हणजे स्टीव्हन्ससाहेबाने आराखडा काढलेल्या व्हीटीचं (सीएसएमटीचं जुनं नाव) बांधकाम सुरू झालं 1878ला, तेव्हा हा दहा वर्षांचा होऊन बसला होता! 1853ची पहिली ठाण्याची गाडी सुटली ती बोरीबंदरहून, तेव्हा ना ही इमारत होती ना हा पूल, पण या दोघांत थोरला पूलच, आणि त्याचा फोटो काढताना मी तरी कोणाला पाहिलं नाही.

पाडायचं म्हणजे लगेच क्रेन लावली असं नसतं हो. आधी आमचं काम. टीपीसीकडून (वायरीचा सप्लाय चालू-बंद करणारा कंट्रोलर) पॉवर ब्लॉक, म्हणजे सप्लाय बंद, मिळाला की मग डिस्चार्ज रॉड (वायरीतला उरलासुरला करंट रुळात उतरवणारी दांडी), त्याची क्लॅम्प आधी रुळाला घट्ट आवळायची आणि मगच वरचा हूक वायरला लावायचा, उलटं केलंत तर संपलात. सप्लाय बंद असला तरी शेजारच्या लाइनमुळे वायरीत करंट उतरतो, हूक टेकला की कधीकधी चट् करून ठिणगी उडते, आणि इतकी वर्षं झाली तरी माझा हात त्या आवाजाला दचकतोच. मग टॉवर वॅगनवरून (वायरीपर्यंत हात पोचवणारी रुळांवरची गाडी) पुलाखालची वायर मोकळी करून बाजूला घेतली, तेव्हा कुठे गॅस कटरवाले पुढे झाले.

मामा (आमचे सिनिअर, अख्खा डेपो त्यांना मामाच म्हणतो) म्हणाले, "अरे, हा पूल बांधला वाफेच्या इंजिनासाठी, धुराडं खालून गेलं म्हणजे झालं, वायर कोणाच्या स्वप्नात होती?" खरंच आहे ते. 3 फेब्रुवारी 1925ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर, तेव्हा वायर कशीबशी या जुन्या पुलांखालून नेली. नंतर डीसी काढून 25 हजार व्होल्ट एसी आलं, त्याला मोकळं अंतर जास्त लागतं, पण पूल काही वर सरकत नाही. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी 2016 मध्ये पाडला तेव्हाही वायर आणि पूल यांची हीच भांडणं. मला विचाराल तर या स्टेशनचा निम्मा इतिहास पुलाच्या पोटापासून वायरीपर्यंतच्या फटीत आहे.

सकाळी उजाडल्यावर पुलाचे दगड नीट दिसले. बेसॉल्टचे, पुलाचं नाव कोरलेले, इंग्रजीत, देवनागरीत आणि गुजरातीत, आणि वर्ष चक्क 1858! कागद म्हणतो 1868, दगड म्हणतो 1858, आता कोणाचं खरं मानायचं. मामा म्हणाले, "दगडाला पेन्शन नाही, तो कशाला खोटं बोलेल." ते दगड फोडले नाहीत, जपायला म्हणून वेगळे काढले, हे मात्र बरं केलं. हेरिटेज म्हणजे काय फक्त कमानी आणि वाघ-सिंह?

जेवणाच्या सुट्टीत चालत स्टेशनात गेलो. हार्बरचे एक-दोन, मेनलाइनचे तीन ते सात, सगळे रिकामे. एक सफाईवाल्या मावशी निवांत बसून डबा खात होत्या, मला बघून म्हणाल्या, "साहेब, चालू कधी?" मी म्हटलं मेनलाइन चार वाजता, हार्बर रात्री आठ, तर म्हणाल्या, "मग सावकाश करा, घाई नाही." आख्ख्या मुंबईत त्या दिवशी असं म्हणणारी ही एकच बाई असावी, बाकी पब्लिक भायखळ्याला उतरून आमच्या नावाने खडे फोडत होतं.

मेनलाइनची वायर परत ओढून चार्ज केली, पहिली लोकल गेली तरी आम्ही तिथेच, कारण हार्बर आणि यार्ड बाकी होतं.

नवा पूल 10 जुलै 2025ला सुरू झाला, नाव सिंदूर. दिसायला साधाच आहे, फोटोबिटो कोणी काढणार नाही. पण खालून वायरीला ऐसपैस जागा आहे, आणि आम्हाला तेवढंच बघायचं असतं.