लोखंडी कामाच्या फटींत काय भरावे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मृग जवळ आला की आमच्या भागातील शेतकरी हाच प्रश्न घेऊन येतात: कोठ्याच्या टिनांच्या जोडातून किंवा भिंतीलगतच्या अँगलमागून पाणी झिरपते, तर त्या फटीत काय भरावे? बहुतेकांनी तोवर दोन गोळे मळून लावायची इपॉक्सी भरून पाहिलेली असते आणि एका उन्हाळ्यात ती तडकलेली असते.

तडकण्याचे कारण आपल्या उन्हात आहे. एक मीटर लोखंड दर अंशाला ०.०१२ मिलिमीटर वाढते. म्हणजे थंडीतील पहाट आणि मे महिन्यातील तापलेली दुपार यांत पत्र्याच्या तापमानाचा फरक ५० अंश धरला, तर ६ मीटरचा पत्रा साडेतीन मिलिमीटरांहून अधिक सरकतो. कडक झालेला माल ही ओढ सोसू शकत नाही, म्हणून फटीत ताणले जाणारे सीलंट, म्हणजे सुकल्यावरही रबरासारखा लवचिक राहणारा भरण्याचा मालच हवा.

सिलिकॉन घेताना ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेले आहे का, हे आवर्जून पाहावे. स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, कारण ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते. ते आम्ल पत्र्यावरचा जस्ताचा थर खाते, भरलेल्या सिलिकॉनच्या रेघेच्या कडेला पांढरी भुकटी धरते आणि पुढे तिथूनच गंज सुरू होतो. रंगवायच्या फाटकाला किंवा अँगलला मात्र सिलिकॉन नकोच, त्यावर रंग धरत नाही. तिथे पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरून वरून रंग द्यावा, कारण उघडे राहिलेले पीयू उन्हाने भेगाळते. एमएस पॉलिमर हे तिसऱ्या प्रकारचे सीलंट महाग पडते, पण ऊन सोसते आणि रंगही घेते. ऐपत असेल तर मी तेच सुचवतो.

खरी मेहनत भरण्याआधीची आहे. गंज तारेच्या ब्रशने काढून, थिनरने पुसून, रेड ऑक्साइड (गंजरोधक अस्तर) लावावे आणि ते पूर्ण वाळू द्यावे. सीलंट गंजाला चिकटले, तर गंजाच्या पापुद्र्यासकट निघून येते. रुंद फटीत आधी फोमची गोल दोरी दाबावी, म्हणजे सीलंट तळाला न चिकटता दोन्ही कडांनाच धरून मोकळे ताणले जाते. सीलंटची जाडी फटीच्या रुंदीच्या निम्मी पुरते. भर दुपारी काम करू नये, कारण तेव्हा लोखंड फुगून फट सर्वांत अरुंद झालेली असते आणि थंडीत ती उघडली की सगळा ताण त्या रेघेवर येतो.

चौकोनी पाइपच्या खांबाचे बुडाशी असलेले छिद्र मात्र कधीही बुजवू नये. वरच्या जोडातून आत शिरलेल्या पाण्याला तेवढीच वाट असते, आणि ती बंद केली की खांब आतून गंजत जातो.