आक्तुन तुनिचिल मुकनाल, बेलीझ

आज रोअरिंग क्रीकच्या खोऱ्यातली ही गुहा पाहिली. तोंडाशीच थंडगार पाण्यात पोहून आत शिरायचं, मग कितीतरी वेळ नदीतूनच चालायचं. वरच्या कोरड्या दालनात बूट काढून नुसत्या मोज्यांवर. पायाशीच मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांची मडकी, हजार वर्षांहून जुनी, चुन्याच्या थराने जमिनीला घट्ट चिकटलेली. काहींना मुद्दाम भोक पाडलंय. पाऊस आटला तेव्हा चाक या पर्जन्यदेवाला साकडं घालायला माणसं इतक्या आत, अंधारात येत, असं अभ्यासक मानतात. एका कोवळ्या जीवाचा सांगाडा कॅल्साइटने, म्हणजे चुन्याच्या खनिजाने, चमकतो. गळा दाटून आला हो.

२०१२ मध्ये एका पर्यटकाचा कॅमेरा कवटीवर पडला, तेव्हापासून आत कॅमेऱ्याला बंदी. अगदी योग्य केलं. म्हणून फोटो नाहीत.