दुपारी गाड्या जातात कुठे?

माझे वडील मध्य रेल्वेच्या कुर्ला कारशेडमध्ये फिटर होते. आमच्या घरात लोकलला 'गाडी' फारसे कोणी म्हणत नसे, 'रेक' म्हणत. रेल्वे कशी चालते हे फलाटावर उभे राहून कळत नाही, गर्दी ओसरल्यावर रेक कुठे नेऊन लावतात ते पाहिले म्हणजे कळते, असे वडील सांगत. पुढे नोकरीनिमित्त न्यूयॉर्कला आलो, मॅनहॅटनच्या पूर्वेला लाँग आयलंडवर हिक्सव्हिलमध्ये घर केले आणि लाँग आयलंड रेल रोड या उपनगरी रेल्वेने रोज मॅनहॅटनला जाऊ लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मनात आले की सकाळी आपल्याला पेन स्टेशनवर उतरवून ही गाडी जाते कुठे. ती परत पूर्वेला वळत नसे, तशीच पुढे पश्चिमेकडे अंधारात निघून जाई.

ती जाते वेस्ट साइड यार्डात. मॅनहॅटनच्या पश्चिम कडेला, ३०व्या आणि ३३व्या रस्त्यांच्या मध्ये, दहाव्या ॲव्हेन्यूपासून हडसन नदीच्या बाजूला बाराव्या ॲव्हेन्यूपर्यंत हे सुमारे २६ एकरांचे यार्ड पसरलेले आहे. त्याच्या पूर्वेच्या भागावर आज हडसन यार्ड्स या नावाने ओळखली जाणारी काचेच्या उंच इमारतींची वसाहत उभी आहे. पर्यटक ती वसाहत पाहायला येतात. तिला जे नाव मिळाले ते खाली उभ्या असलेल्या गाड्यांमुळे मिळाले, हे त्यांच्यापैकी किती जणांच्या ध्यानात येत असेल, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

या जागेशी रेल्वेचे नाते जुने आहे. हडसन रिव्हर रेलरोडचे स्थानक ३०व्या रस्त्यावर होते. फेब्रुवारी १८६१ मध्ये अध्यक्षपदाची शपथ घ्यायला वॉशिंग्टनला निघालेले अब्राहम लिंकन वाटेत तिथेच उतरले होते आणि एप्रिल १८६५ मध्ये त्यांचे पार्थिव घेऊन जाणारी गाडी तिथूनच सुटली. पुढे ही मार्गिका न्यूयॉर्क सेंट्रल या रेल्वे कंपनीकडे आली आणि प्रवाशांपेक्षा मालाचीच झाली. मांस, दूध, भाजीपाला घेऊन येणाऱ्या मालगाड्या भर रस्त्यातून धावत, माणसे चिरडली जात, म्हणून तिथल्या रस्त्याला लोक 'डेथ ॲव्हेन्यू' म्हणू लागले. गाडीच्या पुढे घोड्यावर बसून लाल बावटा दाखवत चालणारा माणूस नेमावा लागे आणि हे घोडेस्वार १९४१ पर्यंत होते. १९३४ मध्ये गाड्या रस्त्यावरून उचलून लोखंडी पुलावर नेल्या, तो पूल म्हणजेच आजची हाय लाइन ही उंचावरची बाग. मग महामार्ग आणि ट्रक आले, माल रस्त्याने जाऊ लागला आणि १९८० मध्ये गोठवलेल्या टर्कींचे तीन डबे घेऊन या पुलावरून शेवटची मालगाडी गेली.

अशी ओस पडलेली मालधक्क्याची जमीन मॅनहॅटनसारख्या ठिकाणी असली की तिचे काय होते, हे गिरणगावच्या माणसाला सांगायला नको. इथे मात्र आधी रेल्वेचा विचार झाला. उपनगरी गाड्या चालवणाऱ्या मेट्रोपॉलिटन ट्रान्सपोर्टेशन ऑथॉरिटीने या जागेवर लाँग आयलंडच्या गाड्यांसाठी तीस रुळांचे यार्ड बांधले. ते १९८७ मध्ये सुरू झाले आणि लाँग आयलंडचे प्रतिनिधित्व केलेले राज्य सिनेटर जॉन कॅमरर यांचे नाव त्याला दिले गेले.

याचे महत्त्व समजायला मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातला एक फरक लक्षात घ्यावा लागतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर किंवा चर्चगेटला रूळ संपतात. लोकल येते, मोटरमन आणि गार्ड आपापली टोके बदलतात आणि तीच गाडी काही मिनिटांत उलट दिशेने प्रवासी घेऊन सुटते, कारण तिथे दिवसभर दोन्हीकडे माणसे असतात. लाँग आयलंडची रहदारी एकतर्फी आहे. सकाळी सारे मॅनहॅटनला येतात, संध्याकाळी सारे परत जातात आणि मधले सहा-सात तास बहुतेक रेकना काम नसते. पेन स्टेशनवर एकूण २१ रूळ आहेत आणि ते लांब पल्ल्याच्या गाड्या चालवणारी ॲमट्रॅक, शेजारच्या राज्याची न्यू जर्सी ट्रान्झिट आणि लाँग आयलंड या तिघांना पुरवायचे असतात, त्यामुळे फलाटावर गाडी उभी ठेवणे कोणालाच परवडत नाही. १९८७ पूर्वी रिकाम्या झालेल्या रेकला ईस्ट रिव्हरखालच्या १९१० सालच्या बोगद्यांतून पुन्हा लाँग आयलंडला पाठवावे लागे आणि संध्याकाळी तसेच रिकामे परत आणावे लागे. बोगदे चारच, त्यांतून जाणारा प्रत्येक रिकामा रेक एका भरलेल्या गाडीची वेळ खाऊन जाई.

पश्चिमेला यार्ड झाल्यावर पेन स्टेशन या गाड्यांपुरते शेवटचे स्थानक न राहता मधले स्थानक झाले. गाडी येते, माणसे उतरतात, ती पुढे सरकते आणि फलाट मागच्या गाडीला मोकळा होतो. नवा बोगदा न खोदता, नवा फलाट न बांधता गर्दीच्या वेळी गाड्यांना जागा निघाली. त्या जुन्या मालधक्क्याचा खरा कायापालट मला हा वाटतो. त्याचे उद्घाटन पाहायला जगभरातून कोणी आले नसेल, पण माझ्यासारख्यांची रोजची सकाळ त्यावर उभी आहे.

यार्ड बांधणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली, जिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पुढेमागे वर इमारती येतील हे ओळखून त्यांनी रुळांच्या मध्ये खांबांसाठी जागा राखली. ती जागा उपयोगात यायला मध्ये पंचवीस वर्षे गेली. एकदा २०१२च्या ऑलिंपिकसाठी इथे स्टेडियम बांधायचा बेत होता, तो २००५ मध्ये बारगळला. शेवटी डिसेंबर २०१२ मध्ये कामाचा नारळ फुटला आणि पूर्वेच्या अर्ध्या यार्डावर स्लॅब टाकण्यात आला. खाली गाड्यांची ये-जा चालू असतानाच रुळांच्या फटींमधून सुमारे ३०० खांब खडकापर्यंत उतरवले गेले. गाड्यांची उष्णता बाहेर काढायला स्लॅबखाली मोठे पंखे आहेत आणि वरच्या बागेतल्या झाडांची मुळे भाजू नयेत म्हणून मातीत थंड द्रव खेळवणाऱ्या नळ्या घातल्या आहेत. हडसन नदीखालून पुढे कधीतरी नवा बोगदा येईल तेव्हा वाट अडू नये, म्हणून त्याच्यासाठी काँक्रीटची पेटीही तेव्हाच खाली बांधून ठेवली. सप्टेंबर २०१५ मध्ये सात नंबरची भुयारी मेट्रो इथवर आली आणि १५ मार्च २०१९ रोजी वसाहत लोकांसाठी खुली झाली.

योगायोग असा की त्याच महिन्याच्या ३ तारखेला परळहून लोकल सुटू लागल्या होत्या. मी फोनवर इथल्या इमारतींचे वर्णन करत होतो आणि वडील परळचे विचारत होते. "गाडी उलटवायला रूळ कुठून काढला, ते बघून ये पुढच्या वेळी," एवढेच त्यांचे म्हणणे होते.

पश्चिमेचे अर्धे यार्ड अजून उघडे आहे. हाय लाइनच्या २०१४ मध्ये खुल्या झालेल्या भागाने त्याला वळसा घातला आहे आणि कामातून सवड मिळाली की मी दुपारी तिथल्या कठड्याशी जाऊन उभा राहतो. चंदेरी गाड्या एकीला एक लागून नदीकडे तोंड करून उभ्या असतात. वर तारा नाहीत. वीज बाजूच्या तिसऱ्या रुळातून येते, त्यामुळे यार्ड वरून पाहताना अगदी स्वच्छ दिसते. दोन गाड्यांच्या मधल्या पायवाटेने एखादा मोटरमन खांद्याला पिशवी लावून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत असतो आणि दहा-बारा डब्यांचे ते अंतर काटायला त्याला बराच वेळ लागतो. या भागावरही कधीतरी स्लॅब पडेल, घरे होतील, आणि या शहराला घरांची गरज आहे हे मला मान्य आहे. पण ते होताना बांधकामाच्या सोयीसाठी एक रूळ जरी कायमचा कमी केला, तर त्याची किंमत रोज सकाळी वाटेवरच्या जमैका स्थानकाच्या पुढे खोळंबलेल्या गाडीतली माणसे मोजतील. म्हणून या योजनेच्या प्रत्येक नकाशात मी आधी खालचा मजला शोधतो.

चार वाजून गेले की यार्डात एकेका गाडीचे दिवे लागतात आणि ती सावकाश पूर्वेला, स्लॅबखाली शिरते. मी घाईने पेन स्टेशनला पोहोचतो. गाडी कोणत्या रुळावर लागणार हे कळावे म्हणून सारे जण फलकाकडे माना वर करून उभे असतात. आकडा लागला की जिना उतरून मी पश्चिमेच्या बोगद्याकडे पाहत थांबतो. आधी रुळावर उजेड पडतो, मग रिकामा, झाडून काढलेला रेक आत येतो.